पांढऱ्या झाडावरच्या हाका

एकदा काय झालं, एक रान होतं. आता रान म्हणजे आपल्या आमराईसारखं नव्हे बरं का, की या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाची म्हैस दिसते. हे रान असं दाट, की भर दुपारी आत शिरलं तरी दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. आकाश बघायचं तर माणसाला कातळावर चढावं लागे.

त्या रानाच्या मधोमध, एका मोठ्या कातळाच्या आडोशाला, एक खोप होती. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आत एक चूल आणि चुलीवर टांगलेलं एक शिंकं. बस्स. ना रस्ता, ना शेजार. चूल विझली तर विस्तव मागायला कुणाचं दार नाही. पाणी झऱ्याचं, सरपण रानाचं, भाकरीपुरती नाचणी अंगणातली. फक्त मीठ तेवढं रानात उगवत नाही. त्यासाठी वर्षातून दोनदा घाट उतरून खालच्या वाडीवर जावं लागे.

खोपीत राहायचे दोघं, हैबती आणि त्याची लेक सगुणा. आई लहानपणीच गेलेली. दोघं मध काढायचे, हिरडे गोळा करायचे आणि आपल्या मजेत असायचे. एकमेकांशी बोलायचेही फार नाहीत. तुमच्यासारखं नाही, तोंड मिटलं की आजारी पडल्यासारखं वाटणारं.

हैबतीनं लेकीला रानाचे तीन नियम शिकवले होते. पहिला, मोहोळ काढताना सगळं पोळं कापायचं नाही, तिसरा वाटा माशांना ठेवायचा. हा सोपा. दुसरा, रानात उगाच हाक मारायची नाही. का, तर हाकेला ओ मिळाली नाही की ती रिकामी हाक रानात भटकत राहते, आणि त्यातून धुकं असलं, तर हाक मारणाऱ्याचे पाय तिच्या मागं मागं जायला लागतात. आणि तिसरा नियम सगळ्यांत मोठा. आपल्याला हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीला द्यायची नाही, तिसरीलाच द्यायची.

तो कशासाठी? तर चकव्यासाठी. चकवा माहीत आहे ना? तोच तो, जो माणसाला एकाच झाडाभोवती फिरवत ठेवतो. तो ओळखीच्या माणसाचा आवाज काढतो. पण आहे मोठा कंटाळखोर. एकदा हाक मारील, दोनदा मारील, मग निघून जाईल. त्याचं कुठं काय अडलेलं असतं? अडतं माणसाचं. म्हणून तिसरी हाक माणसाचीच, असं हैबती सांगायचा.

झालं. एकदा दिवाळी सरली आणि हैबती मीठ आणायला वाडीवर गेला. वाडीवर त्याची बहीण होती, पारूआत्या. रात्री तिच्याकडं राहायचं आणि सकाळी परत निघायचं, असा नेम. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं पडलं. कसलं धुकं म्हणता! सगुणेला खोपीच्या दारातून अंगणातली तुळस दिसेना. ती आपली चुलीपुढं बसली, भाकऱ्या थापायला लागली.

तेवढ्यात हाक आली. “सगुणेऽऽ!”

बाचा आवाज. सगुणेच्या ओठावर ओ आलीच होती, पण तिनं ओठ दाताखाली दाबला. नियम म्हणजे नियम. हातातली भाकरी हातातच राहिली. मग पुन्हा हाक आली, “सगुणेऽऽ!” ही थोडी लांबून आली. सगुणा कान देऊन बसली. आता तिसरी येईल, मग ओ द्यायची. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास सुटला, तरी ती हलली नाही.

तिसरी हाक आलीच नाही.

धुकं विरलं तशी ती धावत सुटली. खोपीपासून शंभर पावलांवर वाट वळते, तिथं एका सपाट दगडावर मिठाची पिशवी ठेवलेली. तोंड घट्ट बांधलेलं, हैबतीची नेहमीची दुहेरी गाठ. आणि हैबती नाही. पावलं दगडापर्यंत आलेली, तिथून पुढं काही नाही.

वाडीची माणसं आली. कुणी म्हणालं, वाघानं नेलं. पण वाघ काही मिठाची पिशवी दगडावर नीट ठेवून जात नाही. सगुणेला कळायचं ते कळलं होतं. धुक्यात बाला वाट दिसेना, म्हणून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा रानात हाक मारली. ती रिकामी गेली. दुसरीही गेली. आणि तिसरी ओठावर यायच्या आत त्याचे पाय त्या दोन हाकांच्या मागं गेले. आपले दोन नियम एके दिवशी असे समोरासमोर येतील, हे त्या शहाण्या माणसाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पारूआत्या रडत रडत घाट चढून आली. पारूआत्या म्हणजे चांगली भरभक्कम बाई, घाट चढताना चार ठिकाणी बसली. ती म्हणाली, चल माझ्याबरोबर, एकटी पोर रानात कशी राहशील? सगुणेनं मान हलवली. ती म्हणाली, “आत्या, बा तिसरी हाक मारील. तेव्हा ओ द्यायला कुणीतरी हवं.”

आत्या बिचारी आली तशी गेली.

मग सगुणा एकटी राहिली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तीन वर्षं. रोज रात्री निखारे राखेत पुरून ठेवायची आणि सकाळी फुंकून जागे करायची. तीन वर्षांत तिनं चूल एकदाही विझू दिली नाही. रोज भाकऱ्या थापायची त्या दोघांच्या. एक खायची, एक झाकून ठेवायची, आणि सकाळी ती शेकरूला घालायची. आणि बाची मिठाची पिशवी? ती तिनं चुलीवरच्या शिंक्यात टांगली. बानं मारलेली गाठ तिच्यानं सोडवेना. तीन वर्षं ती पोर अळणी जेवली. आणि तुम्हाला आमटीत चिमूटभर मीठ कमी पडलं तर ताट सरकवता.

एकटं माणूस गप्प राहिलं ना, की त्याचे कान मोठे होतात. सगुणेला हळूहळू सगळं ऐकू यायला लागलं. झऱ्याचा आवाज बदलला की उद्या पाऊस, हे कळायचं. शेंगा तडकायच्या आधी कुरकुरतात, ते कळायचं. एकदा पहाटे गव्यांचा कळप आला. मिठाचा वास लागला होता त्यांना. खोपीच्या या बाजूनं आणि त्या बाजूनं, घराएवढी जनावरं पाऊल न वाजवता चालली होती. त्यांच्या श्वासानं कुडाची भिंत आत-बाहेर होत होती. सगुणा मधे बसून राहिली. तिला भीती वाटली नाही. आपण किती एवढ्याशा आहोत आणि हे सगळं केवढं आहे, एवढंच तिला वाटलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या वर्षी पारूआत्या पुन्हा आली. नवं लुगडं घेऊन आली, चांगलं स्थळही सांगून आली. सगुणा ऐकत होती दोन्ही कानांनी, पण एक कान आत्याकडं आणि एक रानाकडं. आत्यानं ते ओळखलं. लुगडं ठेवून गेली.

सगुणेनं काय शोधलं नाही म्हणता? सारं रान पायाखाली घातलं. दरी पाहिली, कपारी पाहिल्या, जुन्या पायवाटा पाहिल्या. पायांनी शोधलं, डोळ्यांनी शोधलं, कानांनी तर रोजच शोधलं. हे नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग तिसरं वर्ष आलं. पुन्हा दिवाळी सरली. एके दिवशी सगुणा मधाला निघाली, तर बघते काय, एक आग्या माशी तिच्यापुढून गेली. तिच्या पायाला परागाचा गोळा नव्हता. मग दुसरी गेली, तीही तशीच. मग तिसरी. फुलावर न बसता या जातात तरी कुठं? एरवी आग्या मोहोळाच्या वाटेला कुणी जात नाही, माशा फोडून काढतात. पण सगुणेनं माशांचा तिसरा वाटा कधी चुकवला नव्हता. माशा तिला ओळखायच्या. ती त्यांच्या मागं निघाली.

चालली, चालली. जिथवर बा कधी गेला नव्हता तिथवर गेली. पुढं एक घळ लागली. घळीत उतरली, तर सगळा आवाज थांबला. पाखरू नाही, वारा नाही, पायाखालचं पान वाजत नाही. आणि घळीच्या तळाशी एक झाड उभं होतं.

कांडोळाचं झाड, बरं का. त्याची साल पांढरी असते, अंधारात उजळते, म्हणून लोक त्याला भुत्या म्हणतात. पण एवढं मोठं कांडोळ कुणी पाहिलं नसेल. वीस माणसांनी हात धरले तरी बुंधा कवेत आला नसता. अंगावर एक पान नाही. आणि फांदी फांदीला मोहोळं लटकलेली. दहा नाही, वीस नाही, शेकड्यांनी. काही सुपाएवढी, काही दाराएवढी. सगळ्यांवर माशा बसलेल्या आणि एकही माशी गुणगुणत नव्हती.

सगुणा हळूच पुढं गेली. सगळ्यांत खालच्या पोळ्याशी तिनं कान नेला.

आतून एक बाई हाक मारत होती. “भिकाऽऽ, घरी ये रे!” फार जुना आवाज. दुसऱ्या पोळ्यात एक गुराखी आपल्या हरवलेल्या गाईला बोलावत होता. तिसऱ्यात एक लहान मूल नुसतं “आई, आई” म्हणत होतं. सगुणा एका पोळ्यापासून दुसऱ्याकडं जात राहिली. शंभर वर्षांच्या हाका होत्या, तीनशे वर्षांच्या होत्या. त्या रानात जी जी हाक रिकामी गेली, ती ती माशांनी उचलून आणून इथं सांभाळून ठेवली होती. एकही वाया जाऊ दिली नव्हती. सगुणा त्या झाडाखाली उभी राहिली आणि तिला रडू यावं की हात जोडावेत ते कळेना. तिनं दोन्ही केलं.

मग शेवटच्या फांदीला तिला एक पोळं दिसलं. लहानसं, नवं, तळहाताएवढं. तिनं कान लावला. “सगुणेऽऽ!” थोडं थांबून, “सगुणेऽऽ!” पुढं काही नाही. पोळ्यात तीन घरं होती, त्यातलं तिसरं रिकामं होतं.

“ओ!” सगुणा म्हणाली. “ओ, बा! ओ!”

काही झालं नाही. हाक तिथं होती, पण हाक मारणारा तिथं नव्हता. तीन वर्षं जपून ठेवलेली ओ तिनं दिली, आणि ती घळीत पडून राहिली.

कशीबशी ती खोपीवर परत आली. दारात पारूआत्या बसली होती. तिसऱ्यांदा आली होती. आता केस पांढरे झाले होते, घाट चढताना आठ ठिकाणी बसली होती. या वेळी तिनं लुगडं आणलं नव्हतं की स्थळ आणलं नव्हतं. म्हणाली, “मी तुला न्यायला नाही आले गं. मला एकटीला करमेना.”

तेव्हा सगुणेनं तिला सगळं सांगितलं. पांढरं झाड, माशा, तीन घरांचं पोळं. आत्यानं मधे तोंड घातलं नाही, आणि आत्याच्या बाबतीत ही काही साधी गोष्ट नव्हती. ती वाडीवरची बाई. दिवसभर म्हशीला हाक, कोंबड्यांना हाक, शेजारणीला हाक, असा तिचा संसार. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं.

“पोरी, त्यानं तुला दोनदा हाक मारली. तू त्याला किती वेळा मारलीस?”

तीन वर्षं सगुणेनं पायांनी शोधलं होतं, डोळ्यांनी शोधलं होतं, कानांनी शोधलं होतं. तोंडानं एकदाही नाही. ती म्हणाली, “रानात हाक मारायची नसते, आत्या. ओ मिळाली नाही तर हाक भटकत राहते.”

“मग भटकू दे की,” आत्या म्हणाली. “तुझा बा तरी कुठं घरी बसलाय? भेटतील दोघं कुठंतरी.”

रात्रभर सगुणेच्या मनात तेच घोळत राहिलं. सकाळी उठली तर दाराबाहेर धुकं. तेच, तीन वर्षांपूर्वीचं, तुळस दिसू न देणारं. ती अंगणात जाऊन उभी राहिली. आत्याला म्हणाली, हाक रिकामी गेली तर माझेही पाय जातील तिच्या मागं. आत्यानं सगुणेचा पदर आपल्या मनगटाला दोन वेढे गुंडाळला आणि अंगणात फतकल मारून बसली. मग म्हणाली, “आता मला ओढून नेणारं धुकं अजून पडायचंय. मार हाक.”

सगुणेनं हाक मारली. “बाऽऽ!”

पण रानात कधी हाक न मारलेला आवाज तो. कसाबसा अंगणाच्या कडेपर्यंत गेला आणि विरला. ओ आली नाही. सगुणेचे पाय आपोआप एक पाऊल पुढं सरकले. आत्यानं पदर ओढून धरला.

तिनं दुसरी हाक मारली. “बाऽऽ!” ही झऱ्यापर्यंत गेली. धुक्यात घुमली. ओ आली नाही. आता तिचे पाय असे ओढायला लागले, की आत्या बसल्या जागी दोन हात पुढं फरफटली. आत्याचं मनगट लाल झालं. पण सोडते कसली! तीच म्हणाली, थांबू नकोस, आता थांबलीस तर दोघीही जाऊ.

मग दोघींनी मिळून तिसरी हाक मारली. एकीनं “बाऽऽ!” आणि दुसरीनं “दादाऽऽ!”

आत्याचा तो म्हशीला हाक मारायचा आवाज आणि सगुणेचा तीन वर्षांचा साठलेला आवाज. दोन्ही मिळून निघाले ते कातळावरून गेले, झऱ्यावरून गेले, दरी ओलांडून गेले. आणि सगळं रान एकदम गप्प झालं. पान हलेना.

मग लांबून एक घोंघावणं ऐकू आलं. जवळ जवळ येत गेलं. पांढऱ्या झाडावरच्या सगळ्या माशा उठल्या होत्या. सगळं आभाळ भरून त्या खोपीवरून गेल्या आणि वाटेत एक एक हाक सोडत गेल्या. “भिकाऽऽ!” अशी त्या जुन्या बाईची हाक आली. गुराख्याची आली. ते पोर “आई” म्हणालं. आणि बघा हं, दर हाकेला कुठून तरी ओ येत होती. या डोंगरातून, त्या डोंगरातून, मातीतून, झाडातून. “आलो गं!” “आले रे बाळा!” तीनशे वर्षांच्या हाका आणि तीनशे वर्षांच्या ओ, सगळ्या एकाच सकाळी एकमेकींना भेटल्या. सगुणा आणि आत्या एकमेकींना धरून उभ्या होत्या. त्या दोघींनी जे ऐकलं, ते पुन्हा कुणी ऐकलं नाही.

मग सगळं शांत झालं. आणि शंभर पावलांवरून, वाटेच्या वळणावरून, अगदी साधा आवाज आला.

“ओ! आलो, आलो!”

धुक्यातून हैबती चालत आला. तसाच, तेवढ्याच वयाचा, डोक्यावरचं मुंडासं दवानं ओलं. त्याच्या लेखी मघाशीच तर धुक्यात वाट चुकली होती. म्हणाला, “दोनदा हाक मारली तुला, ऐकू नाही आलं का? आणि मिठाची पिशवी मी कुठंतरी दगडावर ठेवली, ती सापडेना.” मग त्याची नजर बहिणीकडं गेली. तो थांबला. “पारू, तू कधी आलीस? आणि एका रात्रीत केस असे कसे गं पांढरे झाले?”

पारूआत्याला हसू आलं आणि रडूही आलं. सगुणा आत गेली, शिंक्यातून पिशवी काढली आणि बापाच्या हातात दिली. म्हणाली, “बा, तूच सोड. तुझी गाठ आहे.”

हैबतीनं गाठ सोडली. त्या दिवशी तिघं चुलीपुढं बसून मीठ घातलेली भाकरी जेवले. सगुणेच्या जिभेला तीन वर्षांनी मीठ लागलं, आणि पहिल्याच घासाला ती हमसून हमसून रडली. मग आत्यानं सांगितलं, तेव्हा कुठं हैबतीला सगळं कळलं. तो बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, तिसरा नियम माझा चुकला, पोरी. आजपासून पहिल्या हाकेला ओ.

सगुणेनं विचारलं, आणि चकवा असला तर? हैबती म्हणाला, “असू दे. त्यालाही कुणी ओ दिली, तर तोही बिचारा घरी जाईल.”

पुढं काय झालं? पुढं हैबती थकला. त्याचे गुडघे घाट चढू देईनात. तो वाडीवर बहिणीकडं राहायला गेला, आणि दोघं म्हातारी भावंडं रोज भांडत सुखानं राहिली. सगुणा मात्र रानातच राहिली. तिला तेच आवडायचं. तोच कातळ, तोच झरा, तेच गवे, तीच न विझलेली चूल. एकटी राहायची, पण रोज सांज झाली की खालच्या वाडीवरून हैबती हाक मारायचा, “सगुणेऽऽ!” दोन कोसांचं अंतर, मधे एवढा घाट. तरी रान ती हाक अलगद वर आणून द्यायचं. आणि सगुणा पहिल्याच हाकेला म्हणायची, “ओऽऽ, बा!” मग तो जेवायला बसायचा.

त्या पांढऱ्या झाडावर आता मोहोळं आहेत ती नुसती मधाची. हाका मारणारी सगळी आपापल्या घरी सुखात आहेत, माशासुद्धा.

चला, मिटा आता डोळे. शमे, पाय आत घे. आता मी नाव घेतलं तरी कुणी ओ द्यायची नाही, झोपायचं. सकाळी मी हाक मारीन, तेव्हा पहिल्या हाकेला उठायचं. तिसरी मारायला लावलीत तर बघा.